मधल्या नळ्या

रविवारी दुपारी येते ती.
आधी रबरी बुटांचा वास, मग ती.
कुराहाशीच्या खाडीत कालवं फोडते,
आठ महिने झाले.
नाव न्हुंग. माझ्या जिभेवर ते नीट बसत नाही,
तिच्या जिभेवर माझं हिरामात्सु बसत नाही.
फिट्टंफाट.

"व्याकरण," म्हणते. "पहिलं."
आणि एक बोट वर.

चाळीस वर्षं जुनी पुस्तकं विकतोय या कुरे गावात.
गोदीतले कामगार चिनी युद्धकथा मागतात,
बायका लोणच्याची पुस्तकं.
"पहिलं" मागितलं की माझी पंचाईत होते.
मला पहिलं कधी नव्हतंच.
भाषा होती,
आणि तिच्या आत कुठेतरी मी.

तीन काढून ठेवली काउंटरवर.
एक जाडजूड, तक्त्यांचं,
क्रियापदांची पलटण शेवटच्या ओळीत उभी.
एक चित्रांचं. त्यात मांजर विचारतं, हे काय आहे?
ही छत्री आहे.
(छत्री दिसतेच आहे. विचारायचं कशाला, मांजरा?)
तिसरं कॉफी सांडलेलं, पाठ फुटलेलं,
कुणीतरी शिसपेन्सिलीनं अर्थ लिहिलेत समासात,
कोणत्या लिपीत, देव जाणे.
अकराव्या धड्यानंतर समास कोरे.

ती पहिल्या पानापासून वाचत नाही.
तिन्ही उलटी करते, सूची उघडते,
आणि एकच शब्द शोधते: इताई.
दुखतं.

तेव्हा मी तिचा अंगठा पाहिला.
पट्टी, पट्टीखाली अजून एक पट्टी.

जाड पुस्तकात दुखणं दोनशे बाराव्या पानावर.
मांजराला कधीच दुखत नाही.
कॉफीवाल्यात सहाव्या धड्यात:
ते गा इताई. हात दुखतो.
खाली पेन्सिलीची रेघ, दोनदा ओढलेली,
कागद फाटेल इतकी.

"गा का?" तिनं विचारलं. "वा का नाही?
मुकादम म्हणतो वा, मी म्हणते वा, सगळे हसतात."
मी तोंड उघडलं. मिटलं.
"असंच म्हणतात," म्हणालो,
आणि कान तापले माझे.
एकाहत्तर वर्षं बोलतोय,
आणि उत्तर काय, तर असंच.

तिनं पावतीचा कागद ओढून घेतला.
एक उभी रेघ काढली. तार.
तारेत शिंपला, मग एक छोटी नळी,
मग शिंपला, मग नळी.
समुद्रात तराफ्याखाली अशाच टांगतात म्हणाली,
अर्धं बोटांनी, अर्धं आमच्या भाषेत.
नळी नसली तर शिंपले एकमेकांवर आपटतात,
कालव धरत नाही.
"शब्द आहेत," शिंपल्यांवर टिचकी.
"लवकर. बादली. धोका. उद्या."
मग नळ्यांवर पेन टेकवून:
"हे नाही."

मी माझ्याच भाषेच्या मधल्या जागांकडे
इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

जाडं घे म्हणावंसं वाटत होतं.
त्यात सगळं आहे, आयुष्यभर पुरेल.
पण सगळ्याचं ती काय करणार,
पहाटे चार वाजता, थंडीत, सुरी हातात?
तिनं कॉफीवालं उचललं.
अकराव्या धड्यानंतरचा कोरा समास
अंगठ्यानं चाळून पाहिला,
रिकामी खोली भाड्यानं घेताना पाहतात तसा.

शंभर येन. पन्नास म्हणणार होतो,
पण तिनं नाणं आधीच ठेवलं होतं.

दार सरकवताना थांबली.
"हिरामात्सु-सान. ते... गा इताई."
आणि हसली, जणू दुखणं आत्ताच कुठे
तिच्या मालकीचं झालं.

दुकान बंद करताना दोन पुस्तकं तशीच पडलेली.
मांजर परत फळीवर ठेवलं.
जाडं घेऊन जिना चढलो,
चहा ओतला,
दोनशे बारावं पान काढलं.
चष्मा खालीच राहिला होता.